पाठीवरचा आकडा

मी एक जुनं चाक आहे, आणि मित्रांनो, मला भेटायला आलात तर तुम्हांला आधी माझी पाठच दिसेल. बोरिवलीत हायवेच्या कडेला व्हिक्टरचं गॅरेज आहे. तिथल्या भिंतीवर एका जाड खिळ्याला मी टांगलेला आहे, तोंड भिंतीकडे करून. वर्गात दंगा करणाऱ्या मुलाला उभं करतात ना, अगदी तसा. नवीन गिऱ्हाईक आलं की हमखास म्हणतं, "व्हिक्टर, चाक उलटं टांगलंस की रे!" व्हिक्टर हसत नाही. हातातला पाना खाली न ठेवताच तो म्हणतो, "सुलटंच आहे ते. वाच जरा."

वाचण्यासारखं माझ्या पाठीवर फार काही नाही. तांबड्या रंगानं भरलेला एक आकडा आहे आणि त्या आकड्यातून आरपार गेलेली एक चीर. ती चीर कशी पडली, ते मी आज तुम्हांला सांगणार आहे.

माझा जन्म परदेशातला. तिथल्या एका कारखान्यात वितळलेला धातू साच्यात ओतला आणि मी तयार झालो. पुढच्या बाजूनं आठ पाकळ्या, आरशासारखी चकाकी. मागच्या बाजूला मात्र साधी खरखरीत पाठ आणि त्यावर इंग्रजीत कोरलेली एक ओळ: कमाल भार, पाचशे साठ किलो. आमच्याकडे जन्मतःच प्रत्येक चाकाच्या पाठीवर त्याची ताकद लिहितात. हेतू हा, की चाकाला तोंड नसलं तरी त्याला विचारता यावं. मी होतो हलक्याफुलक्या मोटारीसाठी. चार माणसांनी मऊ गादीवर बसून समुद्रावर हवा खायला जावं, एवढंच माझ्याकडून अपेक्षित होतं.

मोटारीबरोबर बोटीतून मी मुंबईला आलो. अंधेरीच्या एका सिनेमावाल्या शेटनं ती मागवली होती. सुट्या भागांची मारामार, त्यामुळे ती मोटार सारखी स्टुडिओच्या दारात बंद पडायची, आणि बंद पडली की तिला ओढून न्यायला यायचा जयवंत.

हा जयवंत दहिसरच्या चाळीत राहणारा, मूळचा कुडाळकडचा. गिरणीत ट्रकवर ड्रायव्हर होता. संपात गिरणी सुटली, तेव्हा त्यानं लष्करानं काढून टाकलेला एक पिकअप ट्रक घेतला, त्याला पिवळा रंग दिला, मागे लोखंडी दांडा उभारून साखळीची कप्पी बसवली, आणि बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायचं काम सुरू केलं. माणूस मनानं राजा. कुणाला 'नाही' म्हणणं त्याच्या जिभेला ठाऊकच नव्हतं. रस्त्यात अडलेला माणूस दिसला की तो ब्रेक दाबायचाच.

तिसऱ्यांदा मोटार ओढून नेली तेव्हा शेट खूश झाला. त्याला मोटारीची चाकं बदलायचीच होती. "घेऊन जा ही चारही," तो म्हणाला. जयवंतला आभाळ ठेंगणं झालं. त्याच दुपारी त्यानं आम्हांला व्हिक्टरच्या गॅरेजात आणून उतरवलं.

व्हिक्टर मनोरीचा. त्याचे काका अजून तिथं होडी चालवतात. होडीत किती माणसं घ्यायची हे त्या घरात लहानपणापासून मोजायला शिकवतात, म्हणून की काय, पण हा माणूस कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिची पाठ बघतो. त्यानं मला उलटं केलं, बोटानं धूळ पुसली आणि वाचलं.

"जयवंत, हे नाही चालणार."

"का रे? केवढं झकास दिसतंय!"

"दिसतंय झकास. पण पाचशे साठ किलोचं आहे. तू गाड्या उचलतोस, यार. अर्धी गाडी हुकाला टांगतोस. ते सगळं वजन मागच्या दोन चाकांच्या बोकांडी बसतं. तुझी ती काळी चाकं बघ, कुरूप आहेत, पण दुप्पट वजन पेलतात."

"चाक आहे ते, तराजू नाही," जयवंत हसून म्हणाला. "लाव गप."

आणखी एक गोष्ट होती. माझी पाच भोकं पिकअपच्या बोल्टांना नीट बसत नव्हती. केसभराचाच फरक. व्हिक्टरनं हात वर केले, तेव्हा जयवंतनं स्वतः कानस घेतली आणि दीड तास घासून भोकं मोठी केली. मित्रांनो, तो त्या वेळी किती प्रेमानं घासत होता म्हणून सांगू! एखाद्या बापानं मुलीसाठी पाटी घासावी तसा. रागवायचं तरी कसं? तिसऱ्या भोकाच्या काठाला तेवढा एक खोल ओरखडा राहिला. तो कुणाला दिसला नाही. मला मात्र तेव्हाच झोंबला.

काळ्या चाकांपैकी तीन कुठंकुठं गेली. एक तेवढं स्टेपनी म्हणून मागे, हौद्यात राहिलं. मी लागलो मागच्या डाव्या बाजूला.

आणि मग माझे कौतुकाचे दिवस सुरू झाले. दहिसर चेकनाक्यावरचे ट्रकवाले वाकून बघायचे. चाळीतली मुलं माझ्यात तोंड पाहून भांग पाडायची. दसऱ्याला झेंडूचा हार पडायचा, तो आधी माझ्यावर. या सगळ्यात मी सुखावलो नाही, असं म्हटलं तर खोटं होईल. मला चढलीच होती थोडी. पण टॅक्सी हुकाला लागली की मी बरोबर माझ्या आकड्यापाशी येऊन पोचायचो, आणि एखादी मोठी, जाडजूड मोटार लागली की आकड्याच्या पलीकडे जायचो. तेव्हा माझ्या अंगातून एक कळ निघायची आणि तिसऱ्या भोकाशी जाऊन थांबायची. वरून मी चकाकत असायचो.

माझी पाठ आणखी एकाच माणसानं वाचली. ती जानकी, जयवंतची धाकटी बहीण. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून जयवंतनंच तिला वाढवलेलं. ती अंधेरीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात कामाला होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी चाकं धुताना तिनं आत हात घातला, बोटं फिरवली आणि वाकून पाहिलं.

"दादा, इथं पाचशे साठ किलो लिहिलंय. आमच्या कारखान्यात माल उचलायच्या क्रेनवर असाच आकडा आहे. त्याच्यावर एक किलो जरी चढवला ना, तर सुपरवायझर आरडाओरडा करतो."

"कंपनीचं काहीतरी असेल गं ते. पुढून घास, पुढून. लोक पुढून बघतात."

जानकीनं पुढून घासलं. पण जाताना ती मागे वळून माझ्याकडे बघत गेली, हे मी विसरलो नाही.

शहाऐंशी सालचा मे महिना आला आणि जानकीचं लग्न ठरलं. नवरा अंधेरी पश्चिमेचा, हॉल तिथलाच, मुहूर्त अकरा पंचवीसचा. जयवंतची बायको लता पहाटेच हॉलवर पुढे गेली होती. वऱ्हाडासाठी एक मिनीबस सांगितलेली. सकाळी नऊ वाजता सगळी मंडळी निघाली. पुढे मिनीबस आणि मागून आमचा पिकअप, हौद्यात रुखवत आणि जानकीची लोखंडी ट्रंक घेऊन. दहिसर नदीच्या पुलापाशी मिनीबसमधून काहीतरी तुटल्याचा आवाज आला, आणि ती जागच्या जागी बसली.

ड्रायव्हर खाली वाकून आला आणि मान हलवत म्हणाला, "आज काय हलत नाय ही."

बायकांच्या तोंडचं पाणी पळालं. दुसरी गाडी कुठून आणणार? रिक्षा केल्या तर सोळा माणसांना किती लागतील? सगळे एकमेकांकडे बघत असताना जयवंतनं सफारीच्या बाह्या वर केल्या.

"अरे, मी कशाला आहे? उतरा सगळे. बसला हूक लावतो, ओढत नेतो."

तेवढ्यात मिनीबसच्या पुढच्या सीटवरून रत्नप्रभाआत्यांचा आवाज आला. या जयवंतच्या थोरल्या आत्या. गावाहून लग्नासाठी आलेल्या आणि हातात शकुनाचा पेटता दिवा धरून नवरीशेजारी बसलेल्या.

"कोण उतरतला? नवरी घरातून भायर पडली की मांडवात जाईसर तिना भुयेक पाय लावूचो नाय. आमच्या घरात आजपर्यंत कोणी लावूक नाय. आणि मी दिवो घेऊन खय उतरू? तू ओढ. आमी बसतंव."

नवरी उतरणार नाही म्हटल्यावर करवल्या कशा उतरतील? करवल्या नाहीत, मग मावश्या कशाला? जयवंतच्या जिभेवर 'नाही' कधीच नव्हतं, आणि आज तर बहिणीचं लग्न. त्यानं साखळी ओढायला सुरुवात केली.

मिनीबसचं तोंड रस्त्यावरून उचललं गेलं आणि तिचं अर्धं वजन आम्हां मागच्या दोन चाकांवर आलं. त्याबरोबर सोळा माणसं आली. त्याबरोबर रुखवताची तांब्याची भांडी, ट्रंक, लाडवांचे डबे, आणि 'आम्ही इथं बसतो' म्हणत हौद्यात चढलेले दोन धिप्पाड मामा. पिकअपचं नाक वर उठलं. माझा टायर जमिनीवर पसरला. मी मोजायचं सोडून दिलं, मित्रांनो, कारण माझा आकडा कधीच मागे पडला होता. जवळजवळ दुप्पट वजन घेऊन मी फिरायला लागलो.

बोरिवलीपर्यंत मी कसातरी आलो. गॅरेजच्या दारात व्हिक्टर सूटबूट घालून उभा होता, तोही लग्नालाच यायचा होता. त्यानं आम्हांला येताना पाहिलं. मागून वाकलेला पिकअप पाहिला, टांगलेली बस पाहिली, आणि बसच्या खिडक्यांतून डोकावणारी माणसं पाहिली. दोन्ही हात हलवत तो रस्त्यात धावत आला. "उतरव! उतरव त्यांना!" तो ओरडत होता. इंजिनाच्या आवाजात जयवंतला काही ऐकू आलं नाही. त्याला वाटलं, मित्र आनंदानं हात करतोय. त्यानंही खिडकीतून हात हलवला.

"ये मागून!" तो म्हणाला आणि पुढे निघाला.

कांदिवलीला एका खड्ड्यात मी आदळलो, आणि तिसऱ्या भोकाचा तो ओरखडा उघडला.

आवाज अगदी बारीक झाला. टक्. मग मालाडपर्यंत प्रत्येक फेऱ्याला तोच आवाज. टक्, टक्. जयवंतला तो ऐकू येत होता, पण हौद्यातल्या मामाला तो म्हणाला, "रुखवतातली कळशी धरा हो जरा, वाजतेय." मामानं कळशी मांडीवर घेतली. आवाज चालूच राहिला. मला सांगायचं होतं की बाबा रे, ती कळशी नाही, तो मी आहे. पण मला तोंड नव्हतं, आणि जिथं माझं बोलणं लिहिलं होतं ती बाजू आत होती. गोरेगाव गेलं. जोगेश्वरी गेली. चीर तिसऱ्या भोकापासून निघून दुसऱ्या भोकाकडे चालली होती. मला सगळ्यात जास्त भीती कसली वाटत होती, सांगू? माझ्या बरोबर मागे, हुकाला टांगलेल्या बसमध्ये, डाव्या खिडकीशी जानकी बसली होती. मी मोडलो तर पिकअप डावीकडे कोसळणार, साखळी सुटणार, आणि ती बस माणसांसकट मागे घरंगळणार. जिनं माझी पाठ प्रेमानं धुतली होती, तिच्यावरच मी उलटणार होतो.

अकराला दहा कमी असताना आम्ही अंधेरीच्या रेल्वेवरच्या पुलाला लागलो. चढ सुरू झाला, आणि चढावर मागचं वजन आणखी मागे येतं. अर्ध्या चढावर पुढची रहदारी थांबली. लोखंडी सळ्यांची एक हातगाडी अडकली होती. जयवंतनं ब्रेक दाबला. सगळं वजन घेऊन मी जागच्या जागी उभा, आणि टक् टक् आता थांबत नव्हतं. गाडी हलत नव्हती, रुखवतातली कळशी मामाच्या मांडीवर होती, तरी आवाज येत होता.

जानकीनं मान बाहेर काढली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिरका झालो होतो.

"दादा!" ती ओरडली. "दादा, चाक!"

"गप बस गो चेडवा," आत्या म्हणाल्या. "नवरीन आराडूचा नाय. लोक काय म्हणतले?"

"आत्ये, आवाज ऐक. ही कळशी नाही. चाक जातंय."

"मांडव आता धा मिनटांवर रवलो. पाय खाली ठेवशीत तर माझ्या गळ्याची आण."

जानकी क्षणभर थांबली. मला वाटलं, संपलं. मग तिनं मुंडावळ्या कानांमागे सारल्या, शालू गुडघ्यापर्यंत उचलला, दार उघडलं आणि त्या उंच टांगलेल्या बसमधून सरळ डांबरी रस्त्यावर उडी मारली. तळपायांना चटका बसला असणार, कारण चपला आतच राहिल्या होत्या.

"उतरा सगळे! मावशी, उतर! हळू. उड्या नका मारू, एकेक जण उतरा. मामा, भांडी राहू देत, आधी चाकांना दगड लावा!" कारखान्यात शिफ्ट सांभाळणारा तो आवाज होता. त्याच्यापुढे कुणाचं काही चाललं नाही. करवल्या उतरल्या. मावश्या उतरल्या. आत्या एकट्या दिवा धरून बसून राहिल्या आणि मग, कुणी न सांगताच, त्याही उतरल्या. एकेक माणूस उतरत होतं आणि माझ्यावरचं ओझं तेवढं कमी होत होतं. त्या वेळी मला रडता आलं असतं तर मी रडलो असतो.

जयवंत हँडब्रेक ओढून धावत मागे आला. चेहरा लालबुंद झालेला.

"जानके, अगं वेड लागलं काय तुला? शकुनाचं काय? मुहूर्ताचं—"

"दादा, खाली वाक. आकडा वाच."

"आत्ता?"

"आत्ताच. इतकी वर्षं नाही वाचलास."

बहिणीच्या लग्नासाठी शिवलेल्या नव्या सफारीत जयवंत त्या रस्त्यावर आडवा झाला आणि त्यानं पिकअपखाली मान घातली. मित्रांनो, त्यानं माझ्या चेहऱ्याकडे हजार वेळा पाहिलं असेल. पाठीकडे तो पहिल्यांदाच पाहत होता. चीर तीन भोकं ओलांडून गेली होती आणि 'पाचशे साठ'च्या बरोबर मधून पलीकडे निघाली होती. त्यानं तिच्यावर बोट ठेवलं.

तो बाहेर आला. आधी त्यानं बसच्या डाव्या खिडकीकडे पाहिलं.

"तू खिडकीशी बसली होतीस," एवढंच तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "जानू, तू खिडकीशी बसली होतीस गं."

एवढ्यात व्हिक्टर स्कूटरवरून पोचला, पायांशी जॅक घेऊन, सूट घामानं भिजलेला. 'मी सांगितलं होतं' असं त्यानं बोलून दाखवलं नाही, आणि या गोष्टीसाठी मी त्याला कायम मान देतो. त्यानं पिकअपखाली जॅक लावला, बसचं तोंड रस्त्यावर उतरवलं आणि हौद्यातून ते काळं, कुरूप स्टेपनीचं चाक बाहेर ओढलं.

"तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला. "पूल उतरलात की हॉल. नवरीला चालत न्या."

सगळ्यांनी आत्यांकडे पाहिलं. आत्यांनी पदरानं दिव्याला आडोसा केला, जानकीच्या पोळलेल्या पायांकडे पाहिलं आणि स्वतःच्या चपला काढून तिच्यापुढे ठेवल्या.

"घाल," त्या म्हणाल्या. "आणि चल. दिवो विझूक नाय अजून."

असं ते वऱ्हाड पुलावरून चालत गेलं. पुढे अनवाणी आत्या आणि दिवा, मागे नवरी, त्यामागे डोक्यावर रुखवत घेतलेले मामा. रिक्षावाल्यांनी हॉर्न वाजवायचे थांबवले, हातगाडीवाल्यानं सळ्या बाजूला घेतल्या. मुहूर्त गाठला. कानपिळीच्या वेळी जयवंतनं नवऱ्याचा कान पिळला तेव्हा कानाला ग्रीसचे काळे ठसे उमटले, आणि फोटोत ते अजून दिसतात म्हणे. हे मला नंतर व्हिक्टरनं नाही, जानकीनं सांगितलं. लग्नानंतर आठ दिवसांनी ती नवऱ्याला घेऊन गॅरेजात मला बघायला आली होती.

जयवंत मला भंगारात टाकायला निघाला होता. त्याला माझ्याकडे बघवत नव्हतं. जानकीनंच त्याला अडवलं.

"त्याचा काय दोष? त्यानं तर लिहून ठेवलं होतं."

म्हणून मी इथं आहे. पिकअपला पुन्हा चार काळी चाकं लागली. प्रत्येकाचा आकडा जयवंतनं पिवळ्या रंगानं बाहेरच्या बाजूला रंगवून घेतला. हुकाला लागलेल्या गाडीत तो आता मांजरसुद्धा बसू देत नाही. मागच्या महिन्यात एक माणूस फार गयावया करत होता, माल भरलेला टेम्पो तसाच ओढ म्हणून. जयवंतनं आधी आपल्या चाकावरचा पिवळा आकडा वाचला. मग म्हणाला, "नाही." त्याला तो शब्द उच्चारताना मी पहिल्यांदाच ऐकलं. बोलून झाल्यावर तो आत आला आणि माझ्यासमोर पाणी पीत बसला.

मित्रांनो, वस्तू जपा, एवढंच सांगून मला गप्प बसता आलं असतं. पण माझा आकडा निदान कोरलेला तरी होता. घरात, कामावर, शेजारी ओझं वाहणारी जी माणसं असतात, त्यांच्या पाठीवर काहीच लिहिलेलं नसतं. 'नाही' म्हणता न येणारी माणसं तर आवाजसुद्धा करत नाहीत, आणि केला तरी आपल्याला वाटतं, कळशी वाजतेय. तेव्हा त्यांना तुम्हीच विचारा, मोडायच्या आधी विचारा.

दसऱ्याला जयवंत अजून हार घेऊन येतो. व्हिक्टर म्हणतो, "खिळ्यावरून काढून सुलटं करून देऊ का रे, तोंडाला घालायला?" जयवंत मान हलवतो आणि हार माझ्या पाठीवर, त्या आकड्याभोवती घालतो. मग चिरेवर बोट ठेवून तो आकडा मोठ्यानं वाचतो. पाचशे साठ.